वरची पायरी

"हात काढ. काढ म्हणते ना, रघू! राजाच्या अंगाला बोट जरी लागलं तरी ते बोट पुढच्या वर्षी पायरीवर मांडीन, चंदनाचं म्हणून."

ही आमची शांतक्का. माझी थोरली बहीण. मुलींच्या शाळेत तिनं इतकी वर्षं गणित शिकवलं आहे, की तिचा आवाज बेंगळुरात आमच्या बसवनगुडीत सुटला की तिकडं चिकपेटेत कापड मोजणारे लोक आपलंच माप चुकलं असणार असं समजून पहिल्यापासून मोजायला लागतात. मी स्टुलावर उभा होतो. माझा हात हवेत, राजापासून वीतभर अंतरावर अडकलेला. राजा लाकडाचा, शेजारी राणीही लाकडाची. दोघं आमच्या टीव्हीच्या डोक्यावर उभे होते. आणि टीव्हीच्या पोटात त्याच घटकेला अक्काची साडेचारची मालिका सुरू झाली होती. ती नीट दिसत नव्हती आणि ऐकू तर मुळीच येत नव्हती.

"अक्का, नुसतं बटण पिळतो. राजाला कळणारसुद्धा नाही."

"राजाला कळत नसेल. मला कळतं की."

मी उतरलो.

हे सगळं आज आठवायचं कारण शेवंती. काल गांधी बाजारातून येत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या शेवंतीचे असे डोंगर लागले होते, की एका डोंगरापलीकडं एक म्हैस दिवसभर हरवली होती म्हणे, संध्याकाळी फुलं विकली गेल्यावर सापडली. ऑक्टोबरचं ते मऊ ऊन, मधेच चार थेंब, परत ऊन. कोपऱ्याकोपऱ्यावर कोहळ्यांच्या राशी. म्हणजे नवरात्र आलं. आणि घरी पोचतो तर आमच्या मराठी मंडळाच्या संपादकांचा निरोप आलेला. दिवाळी अंकासाठी लिहा. विषय: अलीकडच्या काळातल्या माझ्या आवडी, म्हणजे कलेतलं, डिझाईनमधलं, टीव्हीवरचं आणि संगीतातलं तुम्हाला काय भावलं ते.

अलीकडच्या म्हणजे कधीच्या, हे त्यांनी सांगितलं नाही. आमचं घराणं या गावात सोळाशे कितीतरी साली आलं. त्यानंतरचं सगळं आमच्याकडं अलीकडचंच समजतात. माझे काका तर ट्यूबलाइटला अखेरपर्यंत 'हे नवीन खूळ' म्हणायचे. तेव्हा मी ज्या नवरात्राबद्दल लिहितोय त्याला चार-पाच वर्षं झाली असली, तरी ते अगदी परवाचं धरायला हरकत नाही. बाकीचे सभासद मोठमोठी प्रदर्शनं नि कर्नाटकी गाण्याच्या कचेऱ्या नि मैफली लिहितील. लिहोत. माझ्या चारही आवडी एकाच दिवाणखान्यात, एकाच भिंतीला टेकून, एकाच पांढऱ्या कापडाखाली झाल्या. मला तिकीटसुद्धा काढावं लागलं नाही.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथं नवरात्रात घरोघर बाहुल्या मांडतात. आम्ही त्यांना कन्नडसारखं गोंबे म्हणतो. पायऱ्या करायच्या, त्यांवर अखंड पांढरं कापड, सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडाचे राजा-राणी आणि कलश, आणि खाली देव, हत्ती, वाजंत्री, वाणी, वाण्याची वाण्याहून जाड बायको. संध्याकाळी बायका येतात, गोंब्यांपुढं बसून एकेक गाणं म्हणतात, हळदीकुंकू आणि उसळ घेऊन जातात. दरवर्षी एक तरी नवीन गोंबे घ्यायचंच. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की पहिल्या दिवशी आरती झाली की कशालाही हात लावायचा नाही. दसऱ्याला राजाला आडवा करून निजवेपर्यंत मुंगीनंसुद्धा वळसा घालून जायचं. या नियमाची बेंगळुरातली सर्वोच्च अधिकारी म्हणजे शांतक्का. एका वर्षी मांडणीत गणपतीच्या पाठीला पाठ लागून मारुती उलटा बसला होता. नऊ दिवस भिंतीकडं तोंड करून बसला, पण अक्कानं हलवू दिला नाही.

पायऱ्या आमच्याकडं तोवर ट्रंका, पाट आणि जुने पंचांगाचे गठ्ठे रचून व्हायच्या. त्या वर्षी मी डिझाईन केलं. मी गावाबाहेर पीण्या म्हणून कारखान्यांची वसाहत आहे तिथं एका कारखान्यात आहे. आम्ही भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या मांडण्या करतो, गोदामात माल ठेवायला. नटबोल्ट आवळले की उभ्या. मी मनाशी म्हटलं, जगाची गोदामं उभी करणारा हा हात, त्याच्या घरात राजा ट्रंकेवर? चांगल्या पाच पायऱ्यांची मांडणी केली. इतकी मजबूत, की खरा हत्ती आणून चढवला असता तर हत्तीला भीती वाटली असती, पायरीला नाही. पीण्याहून टेम्पोतून आणली तेव्हा वाटेत दोन ठिकाणी लोकांनी विचारलं, पूल कुठं बांधताय.

दिवाणखान्याची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, उंची तर छतावरच्या पालीसकट मोजली होती. टीव्ही मोजायचा राहिला.

टीव्ही हलवावा तर केबलची वायर तेवढीच. आमचा केबलवाला वायर अशी मोजून देतो जणू ती त्याच्या आतड्यातून ओढून काढतोय. मांडणी पुढं सरकवावी तर घरात शिरायला माणसांना खिडकी वापरावी लागली असती. शेवटी मी मांडणीची वरची पायरीच काढून टाकली आणि म्हणालो, "अक्का, टीव्हीची उंची बरोबर तेवढीच आहे. टीव्हीच वरची पायरी."

अक्कानं टीव्हीकडं पाहिलं. मग राजाकडं. राजा अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, त्याचं फक्त नाक बाहेर होतं.

"राजाला चालेल काय?"

"त्याला करमणूक होईल."

"स्वल्प अडजस्ट करायचं," अक्का म्हणाली. हे तीन शब्द या गावात देवालाही बांधून ठेवतात.

मुहूर्ताची घाई होती. टीव्ही चालूच होता, त्यावर कुणीतरी साबणाची स्तुती करत होतं. देवापुढं बडबड नको म्हणून अक्कानंच बटण पिळून आवाज पार बंद केला. मी वरपासून खालपर्यंत एक अखंड धोतर सोडलं, वर राजा-राणी आणि कलश ठेवून दाबलं, लगेच खालच्या पायरीवर हत्तींची रांग ठेवून ताणलं. टीव्हीची काच आणि बटणं दोन्ही धोतराआड गेली. आरती झाली. भिंतीवरचं बटण बंद केलं, टीव्ही निजला. कापूर, तुपाची वात, केळीचे खुंट. मी दोन पावलं मागं जाऊन बघितलं. एवढी सुंदर मांडणी त्या वर्षी म्हैसूरच्या राजवाड्यातही नव्हती, आणि हे मी राजवाडा न बघता सांगू शकतो.

साडेचारला अक्का उठली आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. अक्का मालिका बघत नाही. असं ती स्वतः सांगते. "मी कुठं बघते? चालू असतं म्हणून दिसतं." समोरच्या घरातल्या नागरत्नम्मा रोज साडेचारला टीव्हीपुढं बसतात, तेव्हा अक्कानं एकदा सगळ्या बायकांदेखत म्हटलं होतं, की दिवसाढवळ्या टीव्ही बघणाऱ्या बायकांच्या घरी भात करपल्याचा वास येतो. हे वाक्य आमच्या गल्लीत अजून जिवंत आहे. त्यामुळं ती मालिका बघायला नागरत्नम्मांकडं जाणं अशक्य, आणि काय झालं म्हणून विचारणं त्याहून अशक्य. घरात टीव्ही होता तोवर अक्काचं दिसणं बिनबोभाट चाललं होतं. दोन वर्षं तिला ती मालिका रोज दिसत होती, एकही दिवस न चुकता. आणि नेमकी याच नवरात्रात ती संपायची होती, खंडेनवमीला.

मालिका होती एका ललिता टीचरची. आईमागं तिनं भाऊ वाढवले, त्यांची लग्नं केली, आणि आता मडिकेरीच्या एका शाळेनं तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं आहे. भाऊ म्हणतात, तू गेलीस तर घराचं काय? ती जाते का राहते, एवढाच प्रश्न उरला होता.

अक्कालाही एकदा शिमोग्याच्या शाळेनं असंच बोलावलं होतं. मी तेव्हा दहावीत होतो, आई नव्हती. अक्का गेली नाही. ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही, तीही काढत नाही.

तर अक्कानं बटण दाबलं आणि वरच्या पायरीच्या पोटात एकदम उजेड पडला. धोतराआडून निळसर, हलणारा. आत माणसं हलत होती, पण स्वप्नात हलतात तशी, कडा नसलेली. पुढं हत्तींच्या काळ्या सावल्या. आणि आवाज काही नाही.

"पंख्याचं समजून दाबलं," अक्का म्हणाली.

बेंगळुरात ऑक्टोबरात पंखा लावणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी स्टूल घेतलं, चढलो, आणि पुढचं तुम्ही वर वाचलंच आहे.

आता माझी पहिली आवड मला संपादकांना सांगता येईल. कला म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात कळलं. स्वच्छ दिसणाऱ्या चित्रात माणूस बघतो आणि सोडून देतो. धोतराआडच्या चित्रात त्याला आत शिरावं लागतं. ती निळी सावली म्हणजे ललिता का तिची भावजय, हे ओळखायला आम्ही तिघं माना अशा पुढं काढायचो, की नवरात्र संपेपर्यंत आमच्या माना बोटभर लांब झाल्या. माझ्या सदऱ्याची कॉलर अजून बसत नाही.

तिघं म्हणजे अक्का, मी आणि माझी बायको वसुधा. वसुधा पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा ती अक्काला 'वन्सं' म्हणायची. अक्का दोन महिने ओ देत नव्हती, तिला वाटायचं कुणा दुसरीला बोलावतेय. वसुधाला तेव्हा कन्नड येत नव्हतं, पण त्या आठवड्यात आम्ही तिघं एका पातळीवर होतो. ऐकू कुणालाच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळची पाळी धरली आणि दुपारी पीण्याहून बस पकडून साडेचारच्या आत घरी यायला लागलो. धावत यायचो. अक्का 'पंखा' लावून बसलेली. आत सावल्या हातवारे करताहेत, कळत काही नाही. अक्काचा चेहरा असा, की परीक्षेत गणित सोपं आहे पण पेनातली शाई संपली आहे. मला राहवेना. आत थोरला भाऊ हात हलवून काहीतरी म्हणत होता. मी त्याच्या हातवाऱ्यांशी जुळवून आमच्या कारखान्यातल्या फोरमनच्या आवाजात म्हणालो, "ललिता, तू गेलीस तर माझ्या डब्यात काय, नटबोल्ट घालून नेऊ?"

वसुधा फिसकन हसली. अक्का हसली नाही. पण गप्प बसही म्हणाली नाही.

मग सुरूच झालं. मी थोरला भाऊ, मीच धाकटा भाऊ, मीच भावजय, मीच दारातला पोस्टमन. भावांना मी असे काही संवाद दिले, की मूळ लेखकाला कळते तर तो मडिकेरीला निघून गेला असता. ललिता वसुधाकडं होती. पण वसुधाची ललिता पुण्याची. "हे बघा दादा, माझा निर्णय झालेला आहे आणि मला त्यावर अजिबात चर्चा नको आहे."

"असं नाही बोलणार ती," अक्का म्हणाली.

"मग कशी बोलेल अक्का?"

"शाळेत शिकवते ती. भावाशी भांडत नाही. भावाला उदाहरण घालते."

"कसलं उदाहरण?"

अक्का धोतराकडं बघत होती. ललितेची सावली खिडकीशी उभी राहिली होती. "चार माणसांच्या घरातून एक वजा केला तर किती राहतात, विचारते ती."

"तीन," मी थोरल्या भावाच्या आवाजात म्हणालो.

"मग तिघांना भात शिजवता येत नाही?" अक्का म्हणाली.

आत ललितेचा हलणारा हात नेमका त्याच क्षणी थांबला. शपथेवर सांगतो. माझ्या इतर शपथा बाजूला ठेवा, पण ही खरी आहे. त्या दिवसापासून ललिता अक्काकडं गेली. वसुधा उसळीला फोडणी घालता घालता दारातून ऐकायची.

टीव्हीवरची माझी आवड ती हीच. मी रंगीत बघितलं, मोठ्या पडद्याचं बघितलं, आता तर आमच्याकडं रिमोटसुद्धा आहे, तो सोफ्याच्या फटीत राहतो. पण आवाज आपण घालायचा टीव्ही पुन्हा मिळाला नाही.

एके दिवशी अक्का बटण बंद करायची विसरली आणि पाचला हळदीकुंकवाच्या बायका आल्या. वरच्या पायरीत बातम्या चालल्या होत्या. उजेड, सावल्या, हत्ती चालल्यासारखे दिसतायत. बायका दारातच थबकल्या. त्यांत नागरत्नम्मा पुढं. त्या कन्नडच बोलतात, मी इथं मराठीत आणतोय.

"रघू, ते आत काय हलतंय?"

मी अक्काकडं पाहिलं. अक्का छताकडं.

"डिझाईन आहे, नागरत्नम्मा. पीण्याचं. जपानहून शिकून आलेला एक इंजिनिअर आहे आमच्याकडं."

"तो कोण?"

"मीच, पण सांगत नाही कुणाला."

दुसऱ्या दिवशी चालती पायरी बघायला इतके लोक आले, की रांगेचं शेपूट गांधी बाजारात गेलं. तिथं काहीजणांना ती रॉकेलची रांग वाटली, ते डबे घेऊन उभे राहिले, आणि आमच्या दारी पोचल्यावर उसळ घेऊन समाधानानं परत गेले. अक्काला सात वेळा हरभरे भिजत घालावे लागले. या वाक्यातला आकडा मी कमी करून सांगितला आहे.

आणि संगीत. प्रत्येकीनं एक गाणं म्हणायचं ही रीत, आणि मागं आवाजाविना टीव्ही. एक मामी पाळणा म्हणत होत्या आणि आत पुढारी हात उडवून भाषण करत होता. पाळण्याच्या तालात तो इतका गुणी दिसायला लागला, की मी त्याला मत द्यायच्या बेतात होतो. नागरत्नम्मांनी एक लांबलचक कीर्तन घेतलं, त्यांच्या गाण्यात समईत दोनदा तेल घालावं लागतं. वसुधा मात्र रोज कुंकवाची कोयरी घेऊन स्वयंपाकघरात लपायची. तिला वाटायचं, या गावात सगळ्या बायका पोटातूनच राग शिकून येतात, आपण काय म्हणायचं?

सहाव्या की सातव्या संध्याकाळी अक्कानं तिला हाताला धरून आणून बसवलं. "तुझ्या आईकडचं काहीतरी म्हण. आम्हाला काय समजतंय."

तिनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. तिच्या आईला तिच्या आजीनं शिकवलेल्या. आवाज आधी बारीक, मग बसला. धोतराआड क्रिकेट चाललं होतं. एक फलंदाज बाद होऊन परत निघाला होता, लांबून, हळूहळू, बॅट काखेत धरून. ओवी संपते ना संपते तोवर तो चालत होता.  बायकांपैकी कुणाला मराठी येत नव्हतं, आणि तो बाद झालेला माणूस कुणाच्याच ओळखीचा नव्हता, तरी दोन-तीन जणींनी पदर डोळ्याला लावला. माझ्याकडं आज कॅसेटींनी भरलेलं अख्खं कपाट आहे. त्यात ती संध्याकाळ नाही.

नवीन गोंबेही त्या वर्षी वसुधानं आणलं होतं. नवरात्राआधी चिकपेटेत ती साडी घ्यायला गेली आणि एक लाकडी बस घेऊन आली. लाल, चार बोटं उंच, चाकं फिरणारी, खिडक्यांना पांढऱ्या रंगाच्या रेघा. अक्कानं ती उलटीपालटी करून पाहिली होती.

"राजा, राणी, गजलक्ष्मी. आणि बस?"

"राजाला कुठं जायचं झालं तर," वसुधा म्हणाली.

"राजा बसनं जातो?"

"दसऱ्याला हत्तींना सुटी नसते ना अक्का."

अक्कानं ओठ आवळले आणि बस सगळ्यात अवघड जागी ठेवली. वरून दुसऱ्या पायरीवर, दोन हत्तींच्या मधे, जिथं कुणाला दिसू नये. म्हणजे बरोबर टीव्हीच्या काचेच्या खालच्या कडेपुढं. तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

खंडेनवमीला पीण्याला सकाळपासून धुमाळी असते. आमच्या यंत्रांना त्या दिवशी जेवढी हळद लागते तेवढी माझ्या लग्नात मला लागली नव्हती. लेथला हार, ड्रिलला हार, साहेबांच्या स्कूटरला हार, झोपलेल्या वॉचमनला चुकून हार. दारात कोहळे फुटतात, चाकांखाली लिंबं चिरडतात. सगळीकडं कापूर आणि ग्रीस यांचा मिळून एक वास येतो. मला कुणी विचारलं की ऑक्टोबर कशासारखा असतो, तर मी तो वास सांगेन. चुरमुऱ्यांचा पुडा आणि पेढे घेऊन मी केळीचे खुंट बांधलेल्या बसमधून घरी आलो.

घरी अक्कानं विळी, सुरी, शिवणयंत्र, माझं पाना-पेचकस, वसुधाची केस वाळवायची बंदूक, सगळं धुऊनपुसून कुंकू लावून मांडलं होतं. आज या कशालाही कामाला लावायचं नाही. आयुधांची विश्रांती. भाज्यासुद्धा तिनं आदल्या दिवशी चिरून ठेवलेल्या.

साडेचार वाजायला आले. अक्का वेताच्या मोड्यावर बसली होती. हात मांडीवर. बटणाकडं बघत नव्हती, म्हणजे इतकं मुद्दाम बघत नव्हती की बटणालाच अवघडल्यासारखं झालं असावं.

मला खोड्या सुचतात. मी कुंकवाची कोयरी उचलली. "अक्का, टीव्हीला लावायचं राहिलं. आयुधच ना ते? विजेवर चालतं. आज त्याला विश्रांती."

वसुधानं मला कोपरानं ढोसलं.  अक्काच्या डोक्यात नियम एकमेकांवर घासल्याचा आवाज मला ऐकू आला. एका पारड्यात आयुष्यभराचं सोवळं, दुसऱ्यात ललिता टीचर बॅग भरून दारात उभी.

"ते आयुध नाही," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

"आरतीच्या दिवसापासून काय म्हणते मी? पायरी आहे ती. पायरीला काय विश्रांती?" आणि उठून तिनं बटण दाबलं. या वेळी पंख्याचं नाव काढलं नाही.

आत बसस्टँड होतं. धोतराआड माणसांचे ठिपके. एक मोठी बस आली, ती राखाडी डागासारखी उजवीकडं उभी राहिली. ललितेची सावली डावीकडून आली, हातात काहीतरी. मागं थोरला भाऊ. मला त्याचा फोरमनचा आवाज लावायचा होता. लावायला तोंड उघडलं, आणि निघाला माझाच.

"अक्का, जातेस?"

मालिकेतला भाऊ तिला ललिता म्हणायचा. पण चुकलं ते कुणी दुरुस्त केलं नाही.

अक्का धोतराकडं बघत म्हणाली, "बोलावलंय त्यांनी. शाळा मोठी आहे म्हणे."

"लांब आहे."

"बस जाते की."

आतला भाऊ मान खाली घालून उभा होता. मी काही ठरवलेलं नव्हतं. म्हणालो, "मग जा. भात आम्ही टाकतो."

"तुला येतो भात टाकायला?"

"शिकेन."

"पाणी बोटाच्या दुसऱ्या पेराइतकं ठेव. आणि झाकण सारखं उघडून बघू नकोस."  ललितेची सावली चालायला लागली. चालत चालत ती खाली, काचेच्या कडेकडं आली, आणि आमच्या दोन हत्तींच्या मधे जी काळी सावली होती तिच्यामागं गेली. वसुधाची चार बोटांची बस. त्या सावलीमागं ललिता गेली ती बाहेर आली नाही. उजवीकडचा मोठा राखाडी डाग हलला, सरकला, गेला. स्टँड रिकामं. नावं वर चढायला लागली.

"चढली," वसुधा हळूच म्हणाली.

"खिडकीपाशी जागा मिळाली," मी म्हणालो.

अक्कानं बटण बंद केलं. पदरानं चष्मा पुसला, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं की चुरमुरे आणलेस ते उघडे का ठेवलेस, मऊ पडतील.

आता दरवर्षी पायऱ्या माझ्याच मांडणीवर होतात. पाचही. टीव्ही शेजारच्या खोलीत गेला, केबलवाल्यानं वायर वाढवून दिली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गेल्या वर्षी रिटायर झाल्यावर अक्का एकटी शिमोग्याला जाऊन आली, चार दिवस, बसनं. काय बघितलंस विचारलं तर म्हणाली, शाळा बघितली, पत्र्याचं छप्पर आहे. त्या चार दिवसांत भात मी टाकला. त्याबद्दल वसुधा वेगळा लेख लिहिणार आहे. आणि ती लाल बस दरवर्षी अक्काच मांडते, दुसऱ्या पायरीवर, दोन हत्तींच्या मधे. आम्हाला हात लावू देत नाही.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. टीव्ही बंद करून पाच मिनिटं झाली नसतील, नागरत्नम्मा रस्ता ओलांडून आल्या. रेशमी साडी, केसांत गजरा, आणि डोळे लाल. समोरच्या घरात रंगीत टीव्ही होता, आवाज होता, धोतर नव्हतं. त्या हळदीकुंकवाचं विसरल्या, गोंब्यांकडं बघितलंही नाही, सरळ अक्कापुढं बसल्या.

"शांतक्का, तुम्ही बघत नाही ते ठाऊक आहे मला. पण कुणाला तरी सांगायला पाहिजे. दोन वर्षं बघितलं हो. शेवटी ती गेलीच नाही. बस सुटली आणि ती आपली खाली उभी, बॅग घेऊन. भाऊ रडायला लागला म्हणून राहिली."

मी वसुधाकडं पाहिलं, वसुधानं माझ्याकडं. अक्कानं द्रोणात उसळ वाढली, वर खोबरं घातलं, आणि द्रोण त्यांच्या हातात दिला.

"तुमच्या टीव्हीत राहिली असेल. आमच्यात गेली," अक्का म्हणाली. "खा, गार होईल."